थरथर कुठून येते? एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे निदान



ह्या अंकाच्या विज्ञान पाठासाठी आम्ही एक गाडी निवडली आहे. गाडी जुनी आहे, परदेशी आहे आणि आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाही. तरीही ती निवडण्याचे कारण असे की, तिच्या इंजिनाच्या थरथरीत दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि थोडे गणित पुरेपूर भरलेले आहे. शिवाय दोष शोधण्याची शिस्त शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडले नाही. माळव्यातल्या मुलांना हा विषय परका वाटू नये. पीथमपुरात वाहनांचे कारखाने आहेत आणि तेथेच वाहन-चाचणीचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. गाडी का थरथरते हे शोधणे हा तिथल्या अभियंत्यांच्या रोजच्या कामाचाच भाग आहे.

गाडीची ओळख

गाडीचे नाव पोर्शे 944. जर्मनीच्या ह्या कंपनीने ती 1982 ते 1991 या काळात बनविली. म्हणजे आज विकली जाणारी प्रत्येक 944 तीस वर्षांहून अधिक जुनी असते. युरोप-अमेरिकेत हौशी मंडळी ती वापरलेली विकत घेतात, कारण नव्या स्पोर्ट्स कारपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. पण घेतल्यावर बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे इंजिन इतके थरथरते कशाने?

तिचे इंजिन 2,479 घन सेंटिमीटरचे, एका रांगेत चार सिलिंडरचे आहे. प्रत्येक पिस्टनचा व्यास 100 मिलिमीटर आणि वरून खाली जाण्याचे अंतर 78.9 मिलिमीटर. चार सिलिंडरांसाठी हे इंजिन मोठेच म्हणावे लागेल. पिस्टन जितके मोठे आणि जड, तितके त्यांच्या हालचालीचे धक्के मोठे. म्हणून ह्या इंजिनात धक्के शमविणारे दोन खास दंड बसविले आहेत. त्यांना बॅलन्स शाफ्ट म्हणतात. कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांची, विसाव्या शतकाच्या आरंभीची. 1970 च्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने तिला नवे रूप दिले आणि पोर्शेने ते मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरले.

चार पिस्टन असूनही तोल का जातो?

चार सिलिंडरच्या इंजिनात बाहेरचे दोन पिस्टन वर असतात तेव्हा आतले दोन खाली असतात. दोन खाली येतात, दोन वर जातात. मग धक्के एकमेकांना रद्द करावयास हवेत. असे वाटणे स्वाभाविक आहे, पण हिशेब करून पाहू.

क्रँकची त्रिज्या 78.9 च्या निम्मी, म्हणजे 39.45 मिलिमीटर. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची लांबी 150 मिलिमीटर धरू. क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा, म्हणजे 90 अंश फिरला की काटकोन त्रिकोण तयार होतो. रॉड हा त्याचा कर्ण आणि क्रँकची त्रिज्या ही एक बाजू. पायथागोरसच्या प्रमेयाने तिसरी बाजू 144.72 मिलिमीटर येते. पिस्टन सर्वांत वर असताना हेच अंतर 150 अधिक 39.45, म्हणजे 189.45 मिलिमीटर होते. वजाबाकी केली की पिस्टन 44.73 मिलिमीटर खाली आला.

आता गंमत पाहा. एकूण मार्ग 78.9, त्याचा अर्धा 39.45. पण पाव फेऱ्यातच पिस्टन 44.73 उतरला. उरलेल्या पाव फेऱ्यात त्याला फक्त 34.17 मिलिमीटर जायचे आहे. वरच्या भागात पिस्टन घाईत असतो, खालच्या भागात संथ. म्हणून वरून येणारे दोन पिस्टन 44.73 मिलिमीटर उतरतात, त्याच वेळात खालून निघालेले दोन केवळ 34.17 मिलिमीटर चढतात.

चारही पिस्टनांचा मिळून गुरुत्वमध्य काढला तर तो सुरुवातीला वरून 39.45 वर होता. पाव फेऱ्यानंतर तो 44.73 वर गेला, अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा 39.45 वर आला. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो सुमारे सव्वापाच मिलिमीटर दोनदा खाली-वर होतो. हाच तो न दिसणारा हातोडा. क्रँकच्या एका फेऱ्यात तो दोन ठोके मारतो.

म्हणूनच दोन्ही बॅलन्स शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने आणि एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. प्रत्येक शाफ्टचे वजन एका बाजूला जास्त असते. उलट दिशेमुळे त्यांचे आडवे झटके परस्परांना रद्द करतात. उभे झटके एकत्र होऊन पिस्टनांच्या ठोक्याच्या बरोबर विरुद्ध पडतात. इंजिन मिनिटाला 5,000 फेरे घेत असेल तर हे शाफ्ट 10,000 फेरे घेतात. त्यांना फिरविणारा दातेरी पट्टा दोन्ही अंगांनी दात असलेला आहे, त्यामुळेच एक शाफ्ट उलटा फिरू शकतो.

शाफ्टचा ठोका योग्य क्षणी पडला तरच उपयोग. पट्टा बसविताना एक दात जरी चुकला, तर ठोका वेळेच्या आधी किंवा नंतर पडतो. मग धक्का शमविण्यासाठी केलेली व्यवस्था आपला पूर्ण परिणाम देत नाही आणि जास्तच चुकली तर स्वतःच थरथर वाढविते.

सेकंदाला किती वेळा?

थरथरीचे निदान करताना पहिला प्रश्न “किती जोरात?” असा विचारला जातो. खरा उपयोगी प्रश्न “सेकंदाला किती वेळा?” हा आहे. प्रत्येक दोषाची स्वतःची लय असते.

गाडी उभी आहे, इंजिन संथ चालू आहे आणि मिनिटाला 900 फेरे घेत आहे असे समजू. 900 ला 60 ने भागले की सेकंदाला 15 फेरे. आता:

1. क्रँकशी जोडलेल्या एखाद्या फिरत्या भागाचा तोल गेला, तर थरथर सेकंदाला 15 वेळा.

2. पिस्टनांचा ठोका फेऱ्यात दोनदा, म्हणून सेकंदाला 30 वेळा. चारही सिलिंडरांचे इंधन जळण्याचे धक्केही ह्या इंजिनात फेऱ्यात दोनदाच येतात, म्हणजे तेही 30.

3. एकच सिलिंडर बंद पडला असेल, मिस्त्रीच्या भाषेत इंजिन “मिसिंग” करीत असेल, तर तो सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा आपली पाळी चुकवितो. म्हणजे सेकंदाला 7.5 वेळा. ही थरथर मंद, लंगडल्यासारखी असते आणि अंगाला स्पष्ट जाणवते.

4. चाकाचा दोष असेल तर त्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणेघेणे नाही, गाडीच्या वेगाशी आहे. टायरचा परीघ सुमारे 2 मीटर धरला आणि वेग ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर असला, तर चाक सेकंदाला 12.5 फेरे घेते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिस्टनांच्या ठोक्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 900 वरून 3,600 फेऱ्यांवर गेले की फेरे चौपट, पण जोर सोळापट. म्हणून बॅलन्स शाफ्टचा दोष संथ इंजिनात विशेष कळत नाही आणि रेस वाढविली की स्टीयरिंग आणि गिअरच्या दांड्यात झिणझिण्या आणतो. उलट मिसिंगचा दोष संथ चालीत सर्वांत जास्त जाणवतो, वेग वाढला की झाकला जातो.

निदानाचा क्रम

पहिली पायरी, इतिहास विचारणे. थरथर हळूहळू वाढली की एका दिवशी सुरू झाली? त्याआधी कोणते काम झाले होते? नवा पट्टा बसविल्याच्या दुसऱ्या दिवसापासून थरथर असेल, तर प्रथम त्या पट्ट्याच्या खुणा तपासाव्यात. ह्या प्रश्नाला एक पैसाही लागत नाही, आणि नेमका हाच विचारायचा राहून जातो.

दुसरी पायरी, गाडी उभी ठेवून पाहणे. उभ्या गाडीत थरथर असेल तर चाके, टायर, ब्रेक हे सर्व एका झटक्यात यादीतून बाद होतात.

तिसरी पायरी, रेस हळूहळू वाढवीत जाणे. थरथर कमी होते की वाढते, की एका ठराविक फेऱ्यांपाशीच येते, हे कागदावर लिहून ठेवावे. मनात ठेवलेले निरीक्षण दुसऱ्या दिवशी बदललेले असते.

चौथी पायरी, क्लच दाबून पाहणे. 944 मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे आहे. दोघांना जोडणारा लांब दंड एका नळीतून जातो आणि क्लच इंजिनापाशी आहे. उभ्या गाडीत गिअर न टाकता क्लच दाबला की तो दंड इंजिनापासून सुटतो. तेवढ्याने थरथर किंवा घरघर बदलली तर संशय दंडाच्या बेअरिंगांवर किंवा क्लचच्या तबकडीवर जातो. जुन्या 944 च्या मूळ क्लच तबकडीच्या मध्यभागी रबर असते आणि ते वयाने तुटते.

पाचवी पायरी, सिलिंडर एकेक करून तपासणे. इंजिन संथ चालू असताना एका इंजेक्टरची विजेची जोडणी काढावी. फेरे पडले आणि थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. वर्गात हजेरी घेण्यासारखेच हे आहे. नाव पुकारले आणि उत्तर आले नाही, तो गैरहजर.

सहावी पायरी, अदलाबदल. गैरहजर सिलिंडर सापडला तरी कारण अजून सापडलेले नाही. त्याचा स्पार्क प्लग शेजारच्या सिलिंडरात लावावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग दोषी. दोष जागच्या जागी राहिला तर प्लग निर्दोष. मग वायर, मग इंजेक्टर, ह्याच रीतीने. एका वेळी एकच वस्तू बदलायची. तिन्ही एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारले, तर गाडी बरी झाली पण आपण काहीच शिकलो नाही. ह्यातूनही उलगडा झाला नाही तर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजतात. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावयास हवेत.

सातवी पायरी, फाउंडेशन. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांना आपल्याकडे मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. 944 मध्ये हे आधार आतून द्रवाने भरलेले आहेत. वयाने आणि उष्णतेने, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला, ते फाटतात, द्रव गळतो आणि आधार खाली बसतो. मिस्त्री लाकडी फळी मध्ये देऊन जॅकने इंजिन अगदी किंचित उचलून पाहतात. थरथर एकदम कमी झाली तर आधार गेला असे समजावे. एक बारकावा मात्र विसरू नये. फाउंडेशन थरथर उत्पन्न करीत नाही, ते फक्त थरथर गाडीच्या अंगापर्यंत पोचू देत नाही. म्हणून ते बदलण्याआधी इंजिन स्वतः नीट चालते की नाही हे पाहणे आवश्यक. नाहीतर नव्या आधारांमुळे मूळ दोष झाकला जाईल आणि आत वाढत राहील.

एक सोडविलेले उदाहरण

समजा जर्मनीतल्या एका गृहस्थाने 1986 ची 944 विकत घेतली. सिग्नलला उभे राहिले की आरसा हलतो. 2,000 फेऱ्यांवर बरे वाटते. 3,500 फेऱ्यांच्या आसपास गिअरचा दांडा झिणझिणतो. जुन्या मालकाने नुकतेच दोन्ही पट्टे बदलून दिले आहेत.

घाईचा माणूस म्हणेल, “फाउंडेशन बदला.” ह्या गाडीत ते काम कष्टाचे आणि खर्चाचे आहे. आपण मात्र क्रमाने जाऊ. उभ्या गाडीत थरथर आहे, म्हणजे चाके बाद. क्लच दाबून फरक नाही, म्हणजे दंड आणि क्लच बाद. थरथर मंद आहे, सेकंदाला सात-आठ, म्हणजे एखादा सिलिंडर चुकत आहे. हजेरी घेतली तर तिसरा गैरहजर. प्लग बदलून पाहिला, दोष तिथेच. वायर बदलून पाहिली, दोष तिथेच. इंजेक्टर पहिल्याशी बदलला आणि आता पहिला सिलिंडर गैरहजर झाला. इंजेक्टर दोषी ठरला.

तो दुरुस्त केल्यावर आरसा हलायचा थांबला. पण 3,500 वरची झिणझिण तशीच आहे. दोष एकच असतो असा नियम कुणी केलेला नाही. रेसबरोबर वाढणारी थरथर आणि नुकतेच झालेले पट्ट्याचे काम, दोन्ही बोटे एकाच ठिकाणी दाखवितात. कव्हर उघडून खुणा जुळविल्या तर बॅलन्स शाफ्टचा पट्टा एक दात पुढे बसविलेला निघाला. नवा भाग काहीच लागला नाही, पट्टा पुन्हा नीट बसविण्याची मजुरी तेवढी पडली.

आता ह्यात पणाला काय लागले होते ते सांगतो. त्याच कव्हरच्या आत इंजिनाचा टायमिंग बेल्टही आहे. 944 च्या इंजिनात हा पट्टा तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बॅलन्स शाफ्टचा पट्टा तुटला तर इंजिन लगेच बंद पडत नाही, पण त्याचे तुकडे शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये अडकले की तोच अनर्थ घडतो. “जुनी गाडी आहे, थरथरणारच” असे म्हणून जो गप्प बसतो तो पुष्कळदा संपूर्ण इंजिन गमावतो. जुनेपणा हे निदान नाही. जुन्या गाडीतही थरथरणारा भाग एखाद-दुसराच असतो, आणि त्याला नाव असते.

सावधगिरी

वरील कोणतीही चाचणी विद्यार्थ्यांनी स्वतः करू नये, जाणकार मिस्त्रीसोबत फक्त पाहावी. चालत्या इंजिनाच्या पट्ट्यांपाशी ओढणी, सैल बाही किंवा हात नेऊ नये. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. चालत्या गाडीत चावी कधीही बंद करू नये. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत थांबते आणि स्टीयरिंगला कुलूप लागू शकते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

आपल्या घरी, आपल्या शाळेत

बॅलन्स शाफ्ट पाहायला जर्मनीला जाण्याची गरज नाही. 2021 पासूनच्या रॉयल एनफील्ड क्लासिक 350 च्या इंजिनातही एक आहे. जुन्या बुलेटवर आणि ह्या गाडीवर पाठोपाठ बसलेल्या कुणालाही फरक हाताच्या तळव्यांत कळेल.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, शाळेच्या बसचा चालक “आजकाल गाडी जरा हलते” असे म्हणाला तर ती तक्रार वहीत तारखेसह लिहिली जावी. उभी असताना की चालताना, कोणत्या वेगाला, केव्हापासून, हे तीन रकाने पुरेत. त्या बसमध्ये आपली मुले बसतात.

आणि पालकांना दोन शब्द. मुलाचे गुण घसरले की आपण लगेच शिकवणी लावतो, ती पुरली नाही की दुसरी लावतो. हे घाईने फाउंडेशन बदलण्यासारखेच आहे. केव्हापासून घसरले, एकाच विषयात की सर्वांत, फळ्यावरचे नीट दिसते ना, झोप किती होते, हे प्रश्न आधी विचारावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. मूल हे यंत्र नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच यंत्राला दिली तेवढी तरी चौकशी त्याच्या वाट्याला यावी.

स्वाध्याय

1. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत आहे. पिस्टनांचा ठोका सेकंदाला किती वेळा पडेल? एक सिलिंडर बंद असल्यास त्याची थरथर किती वेळा येईल?

2. क्रँकची त्रिज्या 40 मिलिमीटर आणि रॉड 200 मिलिमीटर असल्यास पाव फेऱ्यात पिस्टन किती खाली येईल? रॉड लांब केल्याने गुरुत्वमध्याची हालचाल वाढली की घटली?

3. ताशी 80 किलोमीटरला थरथर येते. त्याच वेगाने गिअर बदलून चालविले, इंजिनाचे फेरे कमी झाले, तरी थरथर तशीच राहिली. कोणते भाग यादीतून बाद कराल आणि का?

4. घरातील पंखा, मिक्सर किंवा पाण्याची मोटर यांपैकी एकाच्या थरथरीचे मोठ्यांच्या देखरेखीखाली सात दिवस निरीक्षण करा. केव्हा, किती आणि कशाने बदलली ते तारीखवार लिहून आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा. कारणाचा अंदाज शेवटच्या दिवशीच लिहावा, आधी नाही.